धुरी दिलेली कालवं दर वेळी कडू आणि चिवट होतायत? आधी झाकणाला बोट लावून बघा

घरी कालवं, म्हणजे ऑयस्टर, स्मोक करणाऱ्या जवळपास प्रत्येकाची तक्रार सारखीच असते, पहिल्यांदा बरी झाली, नंतर सलग चार वेळा कडू, जिभेला बधिर करणारी आणि वरून रबरासारखी. माझंही अगदी हेच झालेलं. मी रत्नागिरीत राहतो, भाट्याच्या खाडीची कालवं मिळतात, सामान सगळं घरचंच, तेलाचा १५ किलोवाला पत्र्याचा डबा, त्यात स्टीलची जाळी, खाली कोळसे आणि आंब्याचं लाकूड. मामेभावाने परदेशातून स्मोक्ड ऑयस्टरचा एक चपटा डबा आणलेला, त्याची चव डोक्यात बसलेली, मऊ, तेलकट, हलका गोडसर धूर, आणि आपल्या डब्यातून निघत होतं ते खाऊन घसा धरत होता.

आधी मी प्रत्येक वेळी एकच बदल करत होतो, धूर कमी. लाकूड अर्धं केलं, वेळ अर्धी केली, तरी कडवटपणा तेवढाच, फक्त आता कालवं नीट धुरावलेलीही नसायची. मग एकदा झाकण काढताना बघितलं तर आतून तपकिरी थेंब लटकत होते, एक बोटावर घेऊन जिभेला लावला आणि कळलं, हीच ती चव. तीच कडू, तोच बधिरपणा. म्हणजे कडवटपणा कालवात नव्हता, आंब्याच्या लाकडातही नव्हता, तो झाकणावर तयार होऊन वरून खाली ठिबकत होता. तुमच्याकडे हा त्रास असेल तर पुढच्या वेळी हेच करा, थेंबाची चव घ्या आणि थुंकून टाका, खात्री होईल.

आता हे थेंब येतात कुठून. लाकूड जळायला हवा लागते. हवा भरपूर असली की लाकूड नीट पेट घेतं आणि धूर पातळ, निळसर येतो. हवा कोंडली की लाकूड नुसतं धुमसतं, आणि त्यातून जाड पांढरा धूर निघतो ज्यात डांबरासारखे बारीक थेंब आणि भरपूर वाफ असते. हा धूर थंड पत्र्याला लागला की पाणी होऊन बसतो आणि ओल्या कालवाला लागला की कालवावरच बसतो. आपल्याला जो सुवास हवा असतो तो लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकापासून येतो, आणि तो त्या पातळ निळ्या धुरात पुरेसा असतो. डबाभर पांढरा धूर कोंडून ठेवला म्हणजे चव जास्त लागेल हा जो आपला समज आहे ना, तिथेच सगळी गडबड आहे. मी लाकूड कमी करत होतो पण झाकण गच्च बंदच ठेवत होतो, मग काय होणार.

तर पहिला उपाय, डब्याला भोकं. खाली कोळशाच्या पातळीला तीन-चार, अंगठा जाईल एवढी, आणि वर झाकणाच्या जवळ दोन किंवा तीन. वरची कधीच बंद करायची नाहीत. आच कमी-जास्त करायची असेल तर खालच्या भोकांवर कौलाचा तुकडा सरकवून करायची. वरची बंद केली की धूर आत साचतो आणि परत तेच. झाकण सपाट न ठेवता एका बाजूने थोडं उंच ठेवलं तर थेंब जमलाच तरी घरंगळून कडेला जातो, कालवावर पडत नाही. हा एवढासा बदल केल्यावर माझा अर्ध्याहून जास्त कडवटपणा गेला, खरंच.

कोळसे आणि जाळीच्या मधे दोन विटांवर एक जुना लोखंडी तवा आडवा ठेवा. कालवातलं पाणी आणि तेल निखाऱ्यावर पडलं की काळा धूर होतो आणि कालवांवर काजळी बसते, तवा ते अडवतो, शिवाय सरळ आचही लागत नाही. जाळी स्टीलचीच घ्या, गॅल्व्हनाइज्ड जाळी नको, तिच्यावरचा जस्ताचा थर तापणं चांगलं नाही.

लाकडाचं बोलायचं तर आंबा किंवा पेरू, पूर्ण वाळलेलं, बोटाएवढ्या जाडीचे तुकडे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टण आवाज यायला हवा, भद्द आवाज आला तर आत ओल आहे. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की लाकडाच्या चिप्स अर्धा तास भिजवून वापरा, आपल्याकडे तरी हे करू नका, भिजलेलं लाकूड आधी नुसती वाफ सोडतं आणि तीच वाफ धुराला घेऊन कालवावर बसते. कोकणात हवेतच एवढी ओल असते की लाकूड कोरडं ठेवणं हेच मोठं काम आहे. नारळाची सोडणं धुरासाठी अजिबात नको, ती डास घालवायला ठीक, खाण्याला नाही. करवंटीचा कोळसा मात्र मस्त, तो निखारा म्हणून वापरा आणि धुरासाठी वर आंब्याचे दोन तुकडे. काजूची टरफलं चुकूनही टाकू नका, त्यात जे तेल असतं ते कातडी भाजणारं असतं, त्याचा धूर डोळ्याला आणि छातीला वाईट. आणि सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणाल तर त्यात प्लायवूड, गोंद, पॉलिश काय काय असतं सांगता येत नाही, म्हणून तोही नको.

निखारे लाल झाल्यावर लाकूड ठेवा आणि कालवं लगेच आत टाकू नका. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं पांढरा धूर येणारच, तो जाऊ द्या. मी अंगणात डब्याच्या मागे माड येईल असा बसतो, धुरातून माडाचं खोड आरपार दिसायला लागलं की कालवं आत. धूर हाताने नाकाकडे ओढून बघा, वास गोड लागला पाहिजे, डोळे झोंबले तर अजून थांबा. आणि हे सगळं बाहेर उघड्यावर, फ्लॅटच्या बंद किचनमधे किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतसुद्धा नाही.

एवढं करूनही थोडा कडसरपणा राहत होता, आणि त्याचं कारण होतं कालवावरचं पाणी. कालवं ओली आत गेली की सगळा राळ-डांबर त्या पाण्याला चिकटतो. बाहेरच्या देशातल्या रेसिपीत लिहितात की तासभर वाऱ्यावर ठेवा, वरती चिकट पापुद्रा येईल. आपल्याकडे भर समुद्रकिनारी ऑक्टोबरात तासभर काय, दोन तास ठेवलं तरी कालव ओलंच, आणि उकाड्यात शिजलेली कालवं इतका वेळ बाहेर ठेवणं धोक्याचंही आहे. म्हणून फ्रिज वापरा. शिजवलेली कालवं (शिजवायची कशी ते पुढे येतंच) कपड्याने अलगद टिपायची, तेलाचं बोट फिरवलेल्या जाळीवर एकमेकांना न लागता मांडायची, आणि झाकण न ठेवता फ्रिजमधे दोन-तीन तास. फ्रिजमधली हवा कोरडी असते, बोट लावलं की ओलं न लागता किंचित चिकट लागलं पाहिजे, जसं सुकत आलेल्या वार्निशला लागतं. घाई असेल तर बाहेर काढून दहा मिनिटं टेबलफॅनसमोर, त्याहून जास्त नाही. फ्रिजमधून थेट गरम डब्यात टाकली तर थंड अंगावर परत दव धरतं, ती दहा मिनिटं त्यासाठीही उपयोगी पडतात. घरात सगळ्यांना सांगून ठेवा की फ्रिजमधे काय आहे, कारण दुधाला वास लागतो यावरून आमच्याकडे बोलणी झालेली आहेत, खालचा कप्पा आणि दूध झाकलेलं एवढी काळजी घ्या.

आता चिवटपणाचं. याचं कारण बहुतेक वेळा भीती असते, आणि ती भीती चुकीचीही नाही. कालव खाडीचं पाणी गाळून जगतं, त्या पाण्यात जे जंतू, विषाणू असतील ते त्याच्या अंगात जमा होतात, त्यामुळे कच्चं किंवा अर्धकच्चं खायचंच नाही, आणि कमी आचेवरचा नुसता धूर त्यांना मारायला पुरत नाही. पण मग आपण काय करतो, आधी अर्धा तास वाफवतो, मग मनाला पटत नाही म्हणून अजून एक उकळी देतो, आणि मग दोन तास धुरावतो. तीन वेळा शिजलेलं कालव रबरच होणार. एका वेळी मी सोललेला अर्धा किलो गर घेतला होता, शेवटी हातात आला २०० ग्रॅमसुद्धा नाही.

शिजवण्याचं काम आधी पूर्ण करून टाकायचं आणि धुराला फक्त चव आणि थोडी सुकवण एवढंच ठेवायचं. शिंपल्यासकट कालवं असतील तर मोदकपात्रात पाणी उकळून वाफ यायला लागल्यावर आत टाका आणि ४ ते ९ मिनिटं वाफवा, आपली खडपावरची लहान असतात त्यांना पाच-सहा पुरतात, आकार एकसारखा बघून बॅच करा म्हणजे लहान जास्त शिजत नाहीत. न उघडलेली फेकून द्यायची, सुरी घालून उघडत बसायचं नाही. वाफवण्याआधीच जी उघडी आहेत आणि टिचकी मारल्यावर मिटत नाहीत ती मेलेली, तीही टाकायची. बाजारात कोळणीकडून वाट्याने सोललेली घेतली असतील तर उकळत्या पाण्यात किमान ३ मिनिटं, कडा कुरळ्या होईपर्यंत. एक मात्र सांगतो, ही सोललेली बऱ्याचदा गोड्या पाण्यात ठेवलेली असतात, ती पाणी पिऊन फुगतात आणि शिजली की निम्मी होतात, त्यामुळे धुरीसाठी शक्य असेल तर शिंपल्यातलीच घ्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी असते, खडपं जास्त उघडी पडतात, त्या दोन-चार दिवसांत कालवं काढणाऱ्या बायकांकडे आधी सांगून ठेवलं तर हवी तशी मिळतात. घरी आणल्यावर पाण्यात बुडवून ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारूनही नाही, ओल्या गोणपाटात गुंडाळून फ्रिजमधे, शिंपल्याची खोलगट बाजू खाली. पावसाळ्यात हा उद्योगच नको, खाडीचं पाणी गढूळ आणि कालवं पोकळ.

डब्यातलं तापमान जाळीच्या उंचीला ८० ते ९० अंश सेल्सिअस, साधा ओव्हनचा थर्मामीटर आत लटकवा, अंदाजाने हे जमत नाही, माझं तरी नाही जमलं. लहान कालवांना ३० ते ४० मिनिटं, मोठ्यांना तासाभराच्या आत. मधे एकदा झाकण उघडून ब्रशने तेल लावा, पटकन. कडा सोनेरी-तपकिरी आणि पोट दाबल्यावर मऊ, की झालं. बाहेर काढल्या काढल्या गरम असतानाच तेलात घोळवायची, ताटात तशीच पसरून ठेवली तर पुढच्या दहा मिनिटांत वारा लागून कातडी होतात.

खारटपणाची तक्रार पण बरेच जण करतात, आणि तिथे रेसिपीचा दोष कमी, खाडीचा जास्त. पावसानंतर लगेच खाडीत गोडं पाणी मिसळलेलं असतं, कालवं अळणी असतात, एप्रिल-मे मधे तीच कालवं चांगली खारट. त्यामुळे मिठाच्या पाण्याचं एकच माप वर्षभर चालत नाही. वाफवताना जो रस सुटतो तो आधी चाखा. अळणी असेल तर १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम मीठ आणि एक चमचा गूळ, त्यात वाफवलेली कालवं २० मिनिटं. रस आधीच खारट असेल तर २० ते ३० ग्रॅम आणि दहाच मिनिटं. हे सुकवायच्या आधी करायचं, आणि नंतर पाण्याने धुवायचं नाही. कचकच लागत असेल तर तो कालवाचाच रस फडक्यातून गाळून त्यात एकेक बुडवून शिंपल्याची कपची काढा, नळाखाली धरलीत की चव गेली. उरलेला गाळलेला रस टाकू नका, त्याचं मिरी, लसूण आणि ओला नारळ घालून सार अप्रतिम होतं.

काही जण विचारतात की एवढं करण्यापेक्षा वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडून झाकण मारलं तर. बिर्याणीला आपण देतो तशी. ती चव तुपाच्या धुराची असते, लाकडाची नाही, आणि कालव मुळातच मऊ-स्निग्ध असल्यामुळे ते फार जड लागतं. दहा-बारा कालवं आहेत, पटकन काहीतरी करायचंय, तर हरकत नाही, दोन-तीन मिनिटं पुरे. पण त्याला धुरी दिलेली कालवं म्हणायला माझं मन धजत नाही.

साठवण, इथे खरंच काळजीपूर्वक वाचा. आपल्याला सवय आहे की वर तेलाचा थर आला की पदार्थ टिकला, कारण लोणचं तसंच टिकतं. लोणच्यात आंबटपणा आणि भरपूर मीठ असतं म्हणून ते टिकतं, नुसत्या तेलामुळे नाही. धुरी दिलेल्या कालवात आंबटपणा नाही, मीठ कमी, आणि तेलाखाली हवा नाही, बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला नेमकं हेच हवं असतं, आणि त्याच्या विषाला वास-चव काही नसते. म्हणून बरणी बाहेर ठेवायची नाही, एक दिवसही नाही. फ्रिजमधे तीन-चार दिवस, त्याहून जास्त हवी असतील तर डीप फ्रीझरमधे दोनेक महिने. तेलात कच्ची लसूण टाकून साठवू नका, तिचाही तोच धोका, खाताना घाला. परदेशातलं ते डबाबंद ऑयस्टर टिकतं कारण ते सीलबंद करून दाबाखाली उच्च तापमानाला नेलेलं असतं, आपल्या घरच्या कुकरमधे तसं करायला जाऊ नका. साठवायला खोबरेल घेतलं तर फ्रिजमधे त्याचा दगड होतो, शेंगदाण्याचं किंवा कुठलंही साधं तेल घ्या आणि खोबरेल वाढताना. लिव्हरचा त्रास, डायबेटीस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं, आणि शिंपल्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला चवीपुरतंसुद्धा देऊ नका.

खायची कशी, कारण इथेही लोकांची निराशा होते, एवढ्या मेहनतीने धुरावलेली कालवं नेहमीच्या वाटपाच्या रश्शात टाकतात आणि मग म्हणतात धूर लागतच नाही. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, मालवणी मसाला यांच्यापुढे तो बारीक धूर टिकणार कसा. रश्शासाठी ताजी कालवं आहेतच की.

माझ्या मते सगळ्यात चांगली जोडी म्हणजे उकड्या तांदळाची पेज. मालवणची माझी आत्या पेजेबरोबर सुकट भाजून खायची, तिला पहिल्यांदा ही कालवं दिली तेव्हा एक खाऊन म्हणाली, "ही तर पेजेवांगडाच व्हयी," म्हणजे पेजेबरोबरच हवीत, आणि तिचं बरोबर होतं. गरम पेज, वर चार कालवं, एक थेंब खोबरेल, बास. दुसरं किसमूर. गोव्याकडे आणि तळकोकणात सुक्या झिंग्यांचं करतात तसंच, ओलं खोबरं, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, आंबटाला थोडं कोकमाचं आगळ, आणि झिंग्यांऐवजी कालवं जाडसर चिरून अगदी शेवटी. हाताने कालवायचं, पण दाबायचं नाही, आणि लगेच वाढायचं, नाहीतर कांद्याला पाणी सुटतं. दडपे पोह्यांत पण सुंदर लागतात, पातळ पोहे नारळाच्या पाण्यावर दडपले की ते मऊ आणि गोडसर होतात आणि मधेच धुराचा तुकडा येतो, मात्र त्या दिवशी वर तळलेले शेंगदाणे नकोत, ते भारी पडतात. पाहुण्यांना द्यायची असतील तर पोईच्या (गोव्याच्या) पावाचे तुकडे लोण्यावर भाजून त्यावर एक-एक कालव, वर लिंबाचे दोन थेंब आणि कुटलेली मिरी. तांदळाची भाकरी, कच्चा कांदा, सोलकढी हे तर आहेच.

फ्रिजमधून काढलेली असतील तर पुन्हा परतू नका, परत चिवट होतील. वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायची, तेल पातळ झालं की लगेच ताटात.